मुलींचा खतना : थांबवण्याच्या वाटेतले अडथळे

दाऊदी बोहरा समाजात मुलगी साधारण सात वर्षांची झाली की तिच्या जननेंद्रियाचा लहानसा भाग, म्हणजे शिश्निकेवरची त्वचा किंवा तिचा काही अंश, कापण्याची चाल आहे. समाजात या विधीला खतना किंवा खफ्ज म्हणतात. मुलाच्या सुंतेचा जसा समारंभ होतो तसा याचा होत नाही. आमंत्रण नाही, जेवणावळ नाही. घरातली वडीलधारी बाई मुलीला घेऊन जाते आणि परत आणते. घरातल्या पुरुषांना अनेकदा याचा पत्ताही नसतो. कापण्याचे काम परंपरेने मुल्लानी म्हणवणाऱ्या किंवा हाताला सराव असलेल्या वयस्क बायका करत आल्या. अलीकडे शहरांतली सुस्थितीतली कुटुंबे डॉक्टर बाईंकडे जातात. सुलेमानी आणि अलवी या बोहरांच्या लहान शाखांतही ही चाल आढळते. केरळात कोझिकोड भागातही मुलींची सुंता होत असल्याचे २०१७ मध्ये उघड झाले.

जागतिक आरोग्य संघटनेने या प्रथेचे चार प्रकार केले आहेत. शिश्निका किंवा तिच्यावरचे आवरण अंशतः वा पूर्ण काढणे हा पहिला प्रकार, त्यासोबत आतले ओठ कापणे हा दुसरा, योनिमुख शिवून अरुंद करणे हा तिसरा. टोचणे, चिरणे, खरवडणे, डागणे हे सारे चौथ्यात येते. बोहरांमधला खतना पहिल्या आणि क्वचित चौथ्या प्रकारात बसतो. सोमालिया, सुदान या देशांत तिसरा प्रकार मोठ्या प्रमाणावर आहे. युनिसेफने २०२४ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार ३१ देशांत २३ कोटींहून अधिक मुली आणि स्त्रिया यातून गेल्या आहेत. त्यांतल्या १४ कोटींहून अधिक आफ्रिकेत, ८ कोटींच्या आसपास आशियात. या ३१ देशांत भारत नाही. भारतात प्रथा नाही म्हणून नव्हे, तर भारताकडे देण्यासारखा आकडाच नाही म्हणून.

युरोप-अमेरिकेत स्थायिक झालेल्या आफ्रिकी समाजांतून ही प्रथा का हटत नाही, या प्रश्नावर चार दशके लिहिले गेले आहे. मराठी वाचकाला तो प्रश्न दूरचा वाटतो. पण त्याची सर्वांत जवळची आवृत्ती महाराष्ट्रातच आहे. जगभर पसरलेल्या सुमारे १० लाख दाऊदी बोहरांचे मुख्यालय मुंबईत आहे आणि भेंडी बाजार ही त्यांची जुनी वस्ती. पुण्यात रविवार पेठेतली बोहरी आळी याच समाजाच्या नावाने ओळखली जाते. भोसरीपासून आळंदी-चाकणपर्यंतच्या वर्कशॉपना लागणारी अवजारे, नटबोल्ट आणि पाइप या आळीतल्या दुकानांतून येत आले आहेत. व्यवहाराला चोख, शिकलेला, तंट्याबखेड्यापासून लांब राहणारा समाज म्हणून बोहरांची ख्याती आहे आणि ती खरी आहे. त्यामुळेच त्यांच्यात असे काही होत असेल, यावर शेजाऱ्यांचा विश्वास बसत नाही.

प्रथेची मुळे समाजाच्या इतिहासात आहेत. बोहरा हे इस्माइली शिया पंथाचे. त्यांची परंपरा इजिप्तच्या फातिमी खिलाफतीतून येमेनमध्ये आणि तिथून गुजरातेत आली. सोळाव्या शतकात धर्मप्रमुखाची, म्हणजे दाई-अल-मुतलकची, गादीच येमेनमधून भारतात हलली. दहाव्या शतकातले फातिमी न्यायशास्त्रज्ञ काझी नुमान यांचा ‘दाइम-अल-इस्लाम’ हा ग्रंथ बोहरा आजही प्रमाण मानतात आणि खतन्याचा आधार म्हणून त्याकडेच बोट दाखवले जाते. कुराणात मुलींच्या सुंतेचा उल्लेख नाही, आणि भारतातले बहुसंख्य मुसलमान ही चाल पाळत नाहीत. नाईल नदीचे खोरे आणि येमेन या दोन्ही प्रदेशांत ती जुनी आहे. त्या अर्थाने मुंबईतली बोहरा मुलगी आणि लंडनमधली सोमाली मुलगी एकाच जुन्या साखळीच्या दोन टोकांना आहेत.

पहिला अडथळा असा की कापणारी आणि कापून घेणारी या दोघींमध्ये वैर नाही, माया आहे. या प्रथेविरुद्ध उभ्या राहिलेल्या मासूमा रानलवी यांनी आपली हकीकत जाहीरपणे सांगितली आहे : त्या सात वर्षांच्या असताना आजीने खाऊचे आमिष दाखवून त्यांना भेंडी बाजारातल्या एका जुन्या इमारतीत नेले. घरी परतल्यावर कुणी काही बोलले नाही. आपल्याबाबतीत काय घडले हे त्यांना पुष्कळ वर्षांनी, या विषयावरचे काही वाचनात आल्यावर कळले. अशा हकीकती अनेक जणींनी सांगितल्या आणि त्यांचा साचा जवळपास एकच आहे : आजी, मावशी किंवा आई, सहलीचे किंवा खाऊचे निमित्त, अनोळखी खोली, आणि नंतर कुणाला सांगायचे नाही अशी ताकीद. सात हे वय समाजात सोयीचे मानले जाते, कारण या वयात मुलगी सांगितलेले ऐकते आणि विरोध करण्याइतकी मोठी नसते. पण तिला ते आठवत राहते.

हे करणाऱ्या आजीला नातीचे वाईट करायचे नसते. तिच्या दृष्टीने तो तहारतीचा, शुद्धतेचा भाग असतो. मुलगी चांगल्या घरी पडावी, तिच्या चालीबद्दल कुणी बोट दाखवू नये, ही त्यामागची काळजी असते. कापल्या जाणाऱ्या भागाला काही घरांत ‘हरामनी बोटी’ म्हणतात, म्हणजे पापाकडे ओढणारा मांसाचा तुकडा. मुंबईच्या आयआयटीत शिकवणाऱ्या रेहाना घडियाली यांनी १९९१ मध्ये ‘मानुषी’ मासिकात बोहरा स्त्रियांमधल्या सुंतेवर लेख लिहिला, तेव्हा त्यांना मिळालेल्या उत्तरांत धर्म, रूढी आणि स्त्रीच्या कामेच्छेला आवर घालणे ही कारणे पुन्हापुन्हा आली. या विषयावरचा भारतातला तो जवळपास पहिला गंभीर अभ्यास. त्यानंतर वीस वर्षे जाहीर चर्चा अशी झालीच नाही.

अत्याचार करणारा परका असेल तर त्याच्याविरुद्ध उभे राहणे तुलनेने सोपे असते. इथे तक्रार करायची तर ती आईविरुद्ध किंवा आजीविरुद्ध करावी लागते. लंडन, पॅरिस किंवा स्टॉकहोममध्ये पोलिसांना जी अडचण आली ती हीच. ब्रिटनने १९८५ मध्ये ही प्रथा गुन्हा ठरवली, २००३ मध्ये कायदा अधिक कडक केला. पहिली शिक्षा मात्र २०१९ मध्ये झाली. चौतीस वर्षे कायदा होता आणि साक्षीदार नव्हता. फ्रान्सने वेगळा मार्ग धरला. तिथे या प्रथेसाठी खास कायदा न करता मुलावरील हिंसेचे सर्वसाधारण कलमच लावले गेले, आणि लहान मुलांच्या नियमित वैद्यकीय तपासणीतून प्रकरणे समोर आली. त्यामुळे फ्रान्समध्ये खटले झाले, शिक्षाही झाल्या. मुलीच्या तोंडी जबाबावर सगळी भिस्त न ठेवल्याचा हा परिणाम होता.

दुसरा अडथळा समाजाच्या बांधणीत आहे आणि तो आफ्रिकी स्थलांतरितांपेक्षा बोहरांमध्ये कितीतरी मजबूत आहे. सोमाली किंवा मालियन समाजाला एकच धर्मप्रमुख नाही. बोहरांना आहे. वयात येताना प्रत्येक बोहरा मुलगा-मुलगी मिसाक घेते, म्हणजे दाईंशी निष्ठेची शपथ. लग्नापासून दफनापर्यंतच्या गोष्टींना धर्मसत्तेची रझा, म्हणजे परवानगी, लागते. गावोगावी दाईंचे, म्हणजे सैयदनांचे, प्रतिनिधी म्हणून आमिल असतात. समाजाची व्यवस्थाही उत्तम आहे : बिनव्याजी कर्ज, शाळा, रुग्णालये, घराघरांत पोचणारा सामुदायिक स्वयंपाकाचा डबा, भेंडी बाजारात चाललेली पुनर्विकासाची प्रचंड योजना. या व्यवस्थेने अनेक गरीब कुटुंबांना उभे केले आहे, हे विरोधकही मान्य करतात. पण ज्याचे घर, दुकानाचे भांडवल, मुलीचे स्थळ आणि आईवडिलांची कबर हे सारे एकाच ठिकाणच्या मर्जीवर अवलंबून आहे, तो माणूस एका विधीसाठी त्या मर्जीविरुद्ध सहजी जात नाही.

गेलाच तर काय होते, हेही समाजाला ठाऊक आहे. बहिष्काराला बोहरांत बरात म्हणतात. बहिष्कृताशी नातेवाइकांनीही बोलायचे नाही, त्याच्याकडे लग्नाला जायचे नाही. १९७० च्या दशकात उदयपूरमध्ये सुधारकांनी बंड केले तेव्हा कुटुंबेच्या कुटुंबे दुभंगली. या प्रकारांची चौकशी करणाऱ्या नथवानी आयोगाने १९७९ मध्ये अहवाल दिला. बोहरा सुधारक असगर अली इंजिनिअर आयुष्यभर मुंबईतून ही लढाई लढले. कायद्याचा प्रयत्न तर त्याहून जुना आहे. मुंबई सरकारने १९४९ मध्ये बहिष्कार प्रतिबंधक कायदा केला. तत्कालीन सैयदना ताहेर सैफुद्दीन यांनी त्याला आव्हान दिले आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो धर्मस्वातंत्र्याच्या विरोधात ठरवून रद्द केला. त्या निकालाचा फेरविचार व्हावा म्हणून १९८६ मध्ये याचिका दाखल झाली. फेब्रुवारी २०२३ मध्ये पाच न्यायाधीशांच्या पीठाने तो प्रश्न नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवला. दरम्यान महाराष्ट्राने जातपंचायतींच्या जाचाला आळा घालण्यासाठी २०१६ चा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा केला आणि तो २०१७ पासून लागू झाला. मात्र बहिष्काराची भीती घालवायला कागदावरचा कायदा पुरत नाही. बहिष्कृत कुटुंबाला पर्यायी आधार लागतो, आणि तो बाहेरच्या समाजाने आजवर फारसा दिलेला नाही.

या पार्श्वभूमीवर काही बायका बोलल्या, हे मोठे धाडस होते. २०११ मध्ये ‘तस्लीम’ या टोपणनावाने एका बोहरा स्त्रीने खतना थांबवण्याची विनंती करणारे निवेदन इंटरनेटवर प्रसिद्ध केले. २०१२ मध्ये प्रिया गोस्वामी यांचा ‘अ पिंच ऑफ स्किन’ हा माहितीपट आला. २०१५ मध्ये मासूमा रानलवी यांच्यासह अनेक जणींनी स्वतःच्या नावानिशी निवेदन काढले आणि त्यातून ‘वीस्पीकआउट’ ही संघटना उभी राहिली. त्याच सुमारास मुंबईत आरेफा जोहरी, मारिया ताहेर, इन्सिया दारीवाला, शहीदा तवावाला-कीर्तने आणि प्रिया गोस्वामी यांनी ‘साहियो’ सुरू केली. साहियो म्हणजे सख्या.

साहियोने ३८५ बोहरा स्त्रियांची ऑनलाइन पाहणी केली आणि २०१७ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांतल्या ८० टक्के स्त्रियांचा खतना झालेला होता, आणि ८१ टक्के स्त्रियांना ही प्रथा पुढे चालू नये असे वाटत होते. ऑनलाइन पाहणीला उत्तर देणाऱ्या बहुतेक बायका शिकलेल्या असतात, त्यामुळे या टक्केवारीवरून सगळ्या समाजाचे अनुमान काढता येत नाही. तरी तिने एक समज मोडला. शिक्षण वाढले की अशा रूढी आपोआप गळतात, हा तो समज. बोहरा स्त्रिया शिकल्या, डॉक्टर झाल्या, धंदे सांभाळू लागल्या आणि खतना चालूच राहिला. २०१८ मध्ये वीस्पीकआउटसाठी लक्ष्मी अनंतनारायण, शबाना दिलेर आणि नताशा मेनन यांनी ९४ जणांशी बोलून केलेला अभ्यास बाहेर आला. त्यात उत्तर देणाऱ्यांच्या सात वर्षे व त्यावरील मुलींपैकी ७५ टक्के मुलींचा खतना झाला होता. ज्यांना बालपणीचा प्रसंग आठवत होता त्यांतल्या ९७ टक्के जणींना तो वेदनेचा म्हणून आठवत होता, आणि सुमारे एक तृतीयांश स्त्रियांनी आपल्या लैंगिक आयुष्यावर त्याचा वाईट परिणाम झाल्याचे सांगितले.

नको वाटणाऱ्या इतक्या आणि तरी करणाऱ्या इतक्या, ही विसंगती नीट समजून घ्यायला हवी, कारण सगळ्या उपायांचे यश तिच्यावर अवलंबून आहे. प्रत्येक आईला वाटते की आपण एकटीच विरोधात आहोत. शेजारणीला विचारायची सोय नाही, कारण विषयच वर्ज्य. मग ती मुलीला घेऊन जाते आणि तिला पाहून शेजारीणही आपला समज पक्का करते. चीनमधल्या मुलींचे पाय बांधण्याच्या चालीची आफ्रिकेतल्या या प्रथेशी तुलना करून जेरी मॅकी या अभ्यासकाने १९९६ मध्ये हेच दाखवले होते : अशी प्रथा एकेका कुटुंबाच्या मतपरिवर्तनाने सुटत नाही, पुरेशी कुटुंबे एकमेकांदेखत ती सोडतात तेव्हा झपाट्याने सुटते. सेनेगलमध्ये ‘तोस्तान’ संस्थेच्या वर्गांना जाणाऱ्या मालिकौंडा बाम्बारा गावच्या बायकांनी १९९७ मध्ये गावाच्या वतीने जाहीर घोषणा केली, मग आसपासच्या, सोयरिकीच्या गावांनी केली. सोयरीक होणारी सगळी गावे एकदम सुटली, म्हणून कुणाच्या मुलीचे लग्न अडले नाही.

बोहरांमध्ये अशी सामूहिक घोषणा एकच व्यक्ती करू शकते. तिने ती केली नाही; जे सांगितले गेले ते दुहेरी होते. फेब्रुवारी २०१६ पासून ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, स्वीडन अशा देशांतल्या बोहरा जमातींनी आपापल्या सभासदांना पत्रे पाठवून देशाचा कायदा पाळण्यास आणि खतना न करण्यास सांगितले. एप्रिल २०१६ मध्ये सैयदना मुफद्दल सैफुद्दीन यांच्या मुंबईतल्या प्रवचनाची ध्वनिफीत फिरली. पुरुषाचे उघडपणे व्हावे, स्त्रीचे गुपचूप, पण कृती व्हायलाच हवी, असा तिचा आशय होता. खतन्याचे नाव त्यात नव्हते, तरी ऐकणाऱ्यांनी अर्थ तोच घेतला. जूनमध्ये काढलेल्या निवेदनात मुलामुलींची सुंता हा धार्मिक विधी असल्याचे सांगून, जिथे कायदा मनाई करतो तिथे तो पाळावा, अशी सूचना होती. याचा सरळ परिणाम असा की सिडनीतल्या मुलीला जे संरक्षण मिळते ते मुंबईतल्या, पुण्यातल्या मुलीला मिळत नाही, कारण इथे मनाई करणारा स्पष्ट कायदा नाही.

इथे आफ्रिकी स्थलांतरितांची आणि बोहरांची गोष्ट एकमेकींना भिडते. युरोपातल्या आफ्रिकी कुटुंबांत, मुलीला सुट्टीत मायदेशी नेऊन तिथे सुंता करवून आणण्याचा मार्ग फार आधीपासून वापरला जातो. ब्रिटनने म्हणूनच परदेशात केलेली सुंताही गुन्हा ठरवली आणि २०१५ पासून न्यायालयाला मुलीचा प्रवास रोखण्याचे अधिकार दिले. बोहरांच्या बाबतीत हा मायदेश म्हणजे भारत. वीस्पीकआउटच्या अभ्यासाने इशारा दिला होता की परदेशात कायदे कडक होतील तसतसे अनिवासी बोहरा मुलींना इथे आणले जाईल. ऑस्ट्रेलियाचा, अमेरिकेचा कायदा मुंबईत येऊन तपास करू शकत नाही. भारतात गुन्ह्याची नोंदच नसल्याने इथून पुरावाही जात नाही. मायदेशात खतना चालू असेल तोवर परदेशातला कायदा अर्धाच काम करतो.

परदेशातल्या खटल्यांनी कायद्यातल्या फटीही दाखवल्या. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स राज्यात दोन बहिणींच्या खतन्याबद्दल त्यांची आई, एक निवृत्त सुईण आणि समाजाचा स्थानिक धर्माधिकारी यांना २०१५ मध्ये दोषी ठरवले गेले. अपील न्यायालयाने २०१८ मध्ये त्यांना सोडले. इंद्रियाची हानी झाली असे म्हणण्याइतकी खूण दिसत नाही, हा त्यातला कळीचा मुद्दा होता. ऑक्टोबर २०१९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो अर्थ फिरवला : लहानशी चीरही कायद्याच्या कक्षेत येते. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या एका बोहरा डॉक्टर बाईंवर २०१७ मध्ये या प्रथेविरुद्धच्या केंद्रीय कायद्याखालचा पहिला खटला भरला गेला. न्यायाधीशांनी २०१८ मध्ये तो १९९६ चा कायदाच घटनाबाह्य ठरवला; गुन्हा घडला की नाही यावरून नव्हे, तर असा कायदा करण्याचा अधिकार केंद्राचा की राज्यांचा यावरून. अमेरिकी संसदेने दुरुस्त कायदा केला, त्यावर जानेवारी २०२१ मध्ये सही झाली.

भारतातला कायदेशीर लढा २०१७ मध्ये सुरू झाला. सुनीता तिवारी या दिल्लीच्या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. त्या वर्षी महिला व बालविकास मंत्री मनेका गांधी यांनी समाजाने स्वतःहून प्रथा थांबवली नाही तर कायदा करू, असे म्हटले होते. डिसेंबरमध्ये त्यांच्याच मंत्रालयाने न्यायालयाला सांगितले की भारतात ही प्रथा असल्याची अधिकृत माहिती किंवा अभ्यास उपलब्ध नाही. पुढच्या एप्रिलमध्ये महान्यायवादी के. के. वेणुगोपाल यांनी प्रथेला विरोध नोंदवला आणि तिच्यावर आजही दंडविधान आणि पॉक्सो, म्हणजे बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या, कायद्याखाली कारवाई होऊ शकते, अशी भूमिका घेतली. प्रथेच्या बाजूने दाऊदी बोहरा विमेन्स असोसिएशन फॉर रिलिजिअस फ्रीडम ही बोहरा स्त्रियांचीच संघटना उभी राहिली. २४ सप्टेंबर २०१८ रोजी प्रकरण घटनापीठाकडे गेले आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये शबरीमला मंदिरातल्या स्त्रियांच्या प्रवेशाबाबतच्या फेरविचाराच्या निकालात त्याची सांगड इतर धर्मस्वातंत्र्याच्या प्रश्नांशी घातली गेली. एखादी प्रथा धर्माचा अत्यावश्यक भाग आहे की नाही हे न्यायालयाने ठरवावे का, हा तो मोठा प्रश्न. सात वर्षांच्या मुलीचा प्रश्न त्याच्यामागे रांगेत उभा राहिला.

आहे तो कायदा पुरेसा आहे, हे म्हणणे तपासून पाहिले तर टिकत नाही. पॉक्सोच्या सातव्या कलमात लैंगिक हेतू हा गुन्ह्याचा घटक आहे आणि आजीचा हेतू तसा होता असे सिद्ध करणे जवळपास अशक्य. जबर दुखापतीच्या कलमात दुखापत किती गंभीर हे पाहिले जाते आणि खतन्याची खूण काही वर्षांनी अनुभवी डॉक्टरलाही ओळखू येईलच असे नाही. पॉक्सोच्या एकोणिसाव्या कलमानुसार बालकावरील लैंगिक गुन्ह्याची माहिती पोलिसांना देणे बंधनकारक आहे, पण खतना हा असा गुन्हा आहे असे स्पष्ट लिहिलेलेच नसताना डॉक्टर किंवा शिक्षिका कळवणार तरी काय?

प्रथेच्या समर्थनाचे युक्तिवाद काळाप्रमाणे बदलत गेले, हाही एक अडथळा आहे. पूर्वी कामेच्छेला आवर हे कारण उघड सांगितले जाई. आता खफ्ज ही निरुपद्रवी, नाममात्र चीर असून आफ्रिकेतल्या प्रकारांशी तिची बरोबरी करणे हा अन्याय आहे, तिने स्वच्छता राहते, मुलांची सुंता चालते तर मुलींची का नाही, असे मुद्दे पुढे येतात. सोमालियातल्या शिवण्याच्या प्रकाराशी बोहरा खतन्याची तीव्रता सारखी नाही, हे खरेच आहे आणि ते मान्य करायला हवे. पण धडपडणाऱ्या, रडणाऱ्या सात वर्षांच्या मुलीच्या शरीराच्या अत्यंत संवेदनशील भागावर पाते फिरवताना नाममात्र किती आणि जास्त किती, याची हमी कुणीच देऊ शकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते या प्रथेचा आरोग्याला कोणताही फायदा नाही. मुलांच्या सुंतेवर स्वतंत्र चर्चा व्हावी. तिच्यामुळे मुलींचा प्रश्न थांबवून ठेवण्याचे कारण नाही.

डॉक्टरकडून करवून घेण्याचा कल या युक्तिवादांना बळ देतो. पाते निर्जंतुक झाले, भूल मिळाली, रक्तस्राव कमी झाला, की प्रथा सभ्य वाटू लागते आणि तिचे आयुष्य वाढते. इजिप्तमध्ये हेच घडले. तिथे २००८ मध्ये कायद्याने बंदी आली, नंतर शिक्षा दोनदा वाढवली गेली, तरी सुंता मोठ्या प्रमाणावर डॉक्टर आणि परिचारिकांच्या हातात गेली आणि चालू राहिली. कायदा आला म्हणजे तो कायम राहतो असेही नाही : गाम्बियात २०१५ ची बंदी उठवण्याचे विधेयक संसदेत आले होते. जुलै २०२४ मध्ये ते फेटाळले गेले.

अल्पसंख्य असण्याची भीती सर्वत्र सारखी आहे. युरोपातल्या आफ्रिकी आईला वाटते की हा कायदा म्हणजे काळ्या, मुसलमान माणसावर पाळत. काही दवाखान्यांत गर्भवती सोमाली स्त्रियांची अशी उलटतपासणी झाली की त्या पुढे यायलाच कचरू लागल्या. भारतात याचिका समाजाबाहेरच्या वकिलांनी केली, तेव्हा बोहरांमधल्या अनेकांनी ती आपल्यावरचा हल्ला मानली. प्रथेला मनातून विरोध असलेल्याही काही जणी त्यामुळे गप्प बसल्या. मुस्लिम समाजाला झोडपण्यासाठी हा विषय वापरणारे लोक या मुलींचे नुकसान करतात, हे स्पष्ट म्हटले पाहिजे.

महाराष्ट्राला हा वाद नवा नाही. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलीचे संमतिवय दहावरून बारा केले, तेव्हा परक्या सरकारने आमच्या धर्मात हात घालू नये, सुधारणा आतून व्हावी, हे म्हणणे टिळकांनी पुण्यातून जोरात मांडले होते आणि आगरकरांनी कायद्याची बाजू घेतली होती. सुधारणा आतून व्हावी हे तेव्हाही चूक नव्हते. पण त्याची वाट पाहताना ज्या मुली बळी जात होत्या त्यांचे काय, याचे उत्तर त्या बाजूकडे नव्हते. आजही नाही.

आतून काम करणाऱ्यांनी मात्र आपली पद्धत शोधली आहे. बोहरा घरात जेवण एका मोठ्या गोल थाळाभोवती होते. सात-आठ जण मांडी घालून भोवती बसतात, आधी चिमूटभर मीठ जिभेवर ठेवतात, मग एकाच थाळातून जेवतात. साहियोने मुंबईत ‘थाल पे चर्चा’ नावाने बायकांना अशाच थाळाभोवती बोलावले. जेवता जेवता एक बोलते, मग दुसरी. आपण एकटी नाही हे तिथे कळते. व्यासपीठ नाही, कॅमेरा नाही, त्यामुळे आमिलांकडे नाव जाण्याची भीती कमी. ‘एकीने एकीला सांगा’ अशा धर्तीची मोहीम रमझानच्या काळात चालवली गेली. या मार्गाने किती मुली वाचल्या ते मोजता येत नाही. पण मॅकीने सांगितलेली पहिली पायरी, म्हणजे एकमेकींचे मत एकमेकींना कळणे, इथे खरोखर घडते. पुरुषांना या वर्तुळात आणणे अजून बाकी आहे. हा बायकांचा मामला म्हणून बाजूला राहणारा बाप आपल्या मुलीला नेऊ देणार नाही असे एकदा ठामपणे म्हणाला, तर आजीचा हट्ट तिथेच संपू शकतो.

सरकारच्या हातात काय आहे? भारताने १९९२ मध्ये बालहक्क संहितेला मान्यता दिली आहे आणि मुलांच्या आरोग्याला घातक रूढी नष्ट करण्याचे बंधन तिच्या चोविसाव्या कलमात आहे. फौजदारी कायदा समवर्ती सूचीत असल्याने दिल्लीची वाट पाहणे महाराष्ट्राला भाग नाही. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आणि २०१६ चा सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा याच राज्याने स्वतःहून केले. समाजाचे मुख्यालय मुंबईत असल्यामुळे महाराष्ट्रातली स्पष्ट मनाई जगभरच्या जमातींपर्यंत पोचेल, कारण कायदा पाळण्याची सूचना धर्मप्रमुखांनी आधीच देऊन ठेवली आहे. या कायद्यात आईला तुरुंगात टाकण्यापेक्षा कापणाऱ्या व्यावसायिकावर, मग ती मुल्लानी असो की डॉक्टर, मुख्य जबाबदारी ठेवावी. मुलीला आईपासून तोडणारी शिक्षा असेल तर तक्रारीला कुणीच पुढे येणार नाही.

त्याच्याही आधी मोजणी व्हायला हवी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी लग्नाचे वय, कौटुंबिक हिंसा, मासिक पाळीतली स्वच्छता असे नाजूक प्रश्न लाखो स्त्रियांना विचारते. २०१९ ते २०२१ मधल्या तिच्या पाचव्या फेरीत खतन्याबद्दल एकही प्रश्न नव्हता.